फाटकाआडचं भुंकणं कसं थांबवाल? पेपरवाल्याच्या बाजूने

पहाटे पेपर टाकणारं पोरगं फाटकाशी येतं. आतलं कुत्रं धावत येऊन भुंकतं. पोरगं पेपर फेकतं आणि निघून जातं. आता हेच कुत्र्याच्या बाजूने बघा. परका माणूस आला, मी ओरडलो, माणूस पळाला. दूधवाला पळाला, मीटरचा फोटो काढणारा पळाला, कुरियरवालाही पळाला. जो मुळात जाणारच होता त्याला आपणच हाकललं, असा कुत्र्याचा ठाम समज होतो. रोज न चुकता यश देणारं काम कोण सोडेल? फाटकावरचं भुंकणं वाढत जातं ते यामुळे. जात आणि स्वभाव यांचा त्यात वाटा असतो, नाही असं नाही, पण मोठा वाटा या रोजच्या सरावाचा. म्हणून शिकवण्याच्या आधी एक काम करायचं, हा सराव बंद पाडायचा.

मी सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला पेपरची लाईन चालवतो. घरी टिप्या नावाचं गावठी कुत्रं आहे, त्यामुळे फाटकाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. लाईनवरच्या घरांना मी हे सांगायला लागलो ते काही फार भूतदया उतू गेली म्हणून नाही. कुत्रं अंगावर आलं की पोरं सायकलवरून पडतात. एकदा पोरगं पडलं की त्याची आई दुसऱ्या दिवशी त्याला पाठवत नाही, आणि पहाटे चारला उठून पुरवण्या भरणारी पोरं आता मिळतात कुठे? टिप्याच्या डॉक्टरांनी मला बरंच शिकवलं, बाकीचं लाईनवर शिकलो.

आधी फाटक झाका

सळ्यांचं किंवा जाळीचं फाटक असेल तर कुत्र्याच्या डोळ्यांच्या हातभर वरपर्यंत ते झाकून टाका. पत्रा ठोकायला हवा असं नाही. हिरवी शेडनेट चालते, जुना फ्लेक्सही चालतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स आपल्याकडे काही कमी नाहीत. फक्त नेत्याचा चेहरा आतल्या बाजूला येऊ देऊ नका, कुत्रं त्यालाही भुंकेल. घरातल्या खिडकीतून रस्त्यावर पाळत ठेवणारं कुत्रं असेल तर खिडकीखालचा सोफा हलवा आणि काचेच्या खालच्या भागाला कागद चिकटवा. रद्दी माझ्याकडून न्या.

दुसरं म्हणजे वेळ. आठवडाभर वहीत लिहा, कुत्रं कधी भुंकलं आणि कोणाला. बहुतेक घरांत ठरावीकच वेळा निघतात: पहाटेचा पेपर-दूध, घंटागाडी, शाळा सुटल्यावर सायकलवरून जाणारी पोरं, रात्री जेवून फिरायला निघालेली मंडळी. या वेळांना कुत्रं अंगणात मोकळं ठेवूच नका. आत घ्या, मागच्या खोलीत चघळायला काहीतरी द्या. ‘मग कुत्रं पाळलं कशाला?’ असं एका काकांनी मला विचारलं होतं. काका, कायमचं नाही हो, शिकेपर्यंत.

जिन्याखाली आखूड साखळीला दिवसभर बांधलेलं कुत्रं सगळ्यांत जास्त भुंकतं. त्याला दुसरं काही करताच येत नाही. हा नुसता माझा राग नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात, कलम 11 मध्ये, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे. कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तोही मालकाचा गुन्हाच. सकाळ-संध्याकाळ फिरायला न्या आणि नेल्यावर त्याला हुंगू द्या. प्रत्येक खांबापाशी फरफटत पुढे ओढाल तर ते फिरणं कुत्र्याचं होत नाही, तुमचंच होतं. अर्धा तास मनसोक्त हुंगून आलेलं कुत्रं घरी येऊन आडवं होतं.

खरं शिकवणं

यात खाऊ लागतो, आणि तो साधा चालत नाही. रोजची चपाती किंवा कोरडं खाणं रस्त्यावरच्या माणसापुढे फिकं पडतं. उकडलेल्या चिकनचे किंवा चिकनच्या कलेजीचे नखाएवढे तुकडे करा. घरात मांसाहार नसेल तर पनीर, उकडलेलं रताळं. आपल्याकडे तासगावचा बेदाणा घराघरांत असतो, मुठीत घेऊन सहज कुत्र्याला दिला जातो. तो अजिबात देऊ नका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. कांदा आणि चॉकलेटही बंद.

आता जागा निवडा. फाटकापाशी उभं राहून सुरुवात करायची नाही, तिथे कुत्र्याचं डोकं आधीच तापलेलं असतं. पट्टा लावून त्याला मागे न्या, व्हरांड्यात किंवा त्याहूनही मागे. जिथून रस्त्यावरचा माणूस दिसतो पण कुत्रं अजून भुंकत नाही, ती तुमची जागा. ती वीस पावलांवर असेल, नाहीतर घरातल्या दारात. फाटकाचा आडोसा तेवढ्यापुरता थोडा बाजूला करा.

माणूस दिसला की ‘शाब्बास’ म्हणा आणि तुकडा द्या. माणूस दिसतोय तोवर एकामागून एक देत राहा. तो दिसेनासा झाला की खाऊही बंद. क्रम महत्त्वाचा आहे: माणूस आधी, खाऊ नंतर. बरेच जण घाईत खाऊ आधी दाखवतात. मग कुत्रं इतकंच शिकतं की खाऊ निघाला म्हणजे कोणीतरी येतंय, आणि ते आणखी सावध होतं. त्याने भुंकणं थांबवलं म्हणून खाऊ मिळतोय असंही नाही. माणूस दिसला, म्हणून खाऊ आला. एवढंच त्याच्या डोक्यात बसायला हवं.

पाच मिनिटं पुरे, दिवसातून दोनदा. तासभर बसलात तर दोघंही वैतागाल.

काही दिवसांनी एक गोष्ट दिसेल. माणूस दिसला की कुत्रं रस्त्याकडे बघेल आणि लगेच मान वळवून तुमच्याकडे बघेल, ‘आण’ म्हणून. आमच्या लाईनवरच्या एका वहिनींनी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला फोन केला होता, दुपारी, झोपेच्या वेळी. पण फोन करण्यासारखीच गोष्ट आहे ती. इथून दोन-तीन पावलं पुढे सरका. पुढे गेल्यावर कुत्र्याने तोंड मिटून अंग ताठ केलं, कान पुढे रोवले, नाकासमोरचं चिकनही घेतलं नाही, तर तुम्ही फार पुढे आलात. ओरडू नका, मागे या. भुंकणं फुटण्याआधी मागे येणं, हीच यातली कला आहे.

नुसता चालणारा माणूस जमला म्हणजे सायकलवाला जमला असं नाही. सायकल, मोटारसायकल, छत्री घेतलेला माणूस, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, धावणारं मूल, घंटागाडीचं गाणं, या प्रत्येकासाठी पुन्हा मागे जाऊन सुरुवात करावी लागते. दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागतो. घंटागाडीचं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि अगदी बारीक आवाजात लावून खाऊ देत सुरुवात करा. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा फार तीक्ष्ण असतात, तुम्हाला बारीक वाटणारा आवाज त्याला पुरतो.

शेवटी फाटकावर या. इथे मी मदत करतो. फाटकाला बाहेरून एक झाकणाचा डबा टांगा, त्यात खाऊ ठेवा. पोरगं पेपर टाकतं आणि एक तुकडा आत जमिनीवर टाकून पुढे जातं. हातातून भरवायचं नाही. कुत्र्याकडे टक लावून बघायचं नाही, लाडही करायचे नाहीत. पण ही मेहेरबानी आहे, पोराची नोकरी नाही. रस्त्याने जाणाऱ्या माणसाने तुमच्या कुत्र्याशी मैत्री करावी अशी अपेक्षा ठेवू नका. ‘काही करत नाही तो, तू घाबरू नको’ हे फाटकामागून ओरडून सांगणं सोपं असतं. भुंकणारं कुत्रं चावत नाही, हे मालकाने म्हणायचं असतं आणि बाहेरच्याने अनुभवायचं असतं.

‘बास’ म्हटलं की

कुत्रं भुंकत असताना आतून आजी ‘गप रे’ म्हणतात, मुलगा ‘ए’ करतो, वडील चप्पल फेकतात. कुत्र्याला वाटतं, सगळं घर माझ्याबरोबर भुंकायला लागलं. घरात सगळ्यांनी एकच शब्द ठरवा. आम्ही ‘बास’ म्हणतो. कुत्रं दोन-तीनदा भुंकलं की जवळ जा, साध्या आवाजात एकदाच ‘बास’ म्हणा आणि खाऊ नाकाजवळ न्या. हुंगताना भुंकता येत नाही. गप झालं, दोन आकडे मोजा, द्या. पुढे पाच मोजा, मग दहा. शब्द पक्का झाला की नाकाजवळ हात न्यायची गरज उरत नाही.

सोबत ‘जागेवर’ शिकवा. व्हरांड्यात एक पोतं किंवा जुनी सतरंजी टाका, त्यावर गेलं की खाऊ. आधी कोणी नसताना, मग तुम्हीच बेल वाजवून. गणपतीत आरतीला माणसं यायला लागतात तेव्हा याचा उपयोग कळतो.

मारणं, अंगावर पाणी ओतणं, शॉक देणारे पट्टे हे सगळं सोडा. कुत्र्याला फटका आठवतो आणि तो कोणासमोर बसला तेही आठवतं. रस्त्यावरचा माणूस दिसला की दुखतं, असा हिशोब त्याने लावला तर पुढच्या वेळी ते न भुंकता थेट चावेल. तोंड दोरीने बांधणं तर उन्हाळ्यात जीवघेणं. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं, आणि सांगलीचा मे महिना तुम्हाला माहीत आहे.

पिल्लू असेल तर हे सगळं स्वस्तात पडतं. तीन आठवड्यांपासून साधारण चौदा आठवड्यांपर्यंत जे दिसतं ते पिल्लाला नेहमीचं वाटतं. लसी पूर्ण होईपर्यंत कडेवर घेऊन फाटकात उभे राहा, टोपीवाला, दाढीवाला, सायकलवाला दाखवा. उलट, म्हातारं शांत कुत्रं अचानक भुंकायला लागलं तर शिकवत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. कान दुखत असेल, दिसत नसेल.

‘पण चोर आला तर भुंकायला नको का?’ हा प्रश्न मला महिन्याच्या बिलवसुलीला हमखास ऐकावा लागतो. नीट विचार करा. जे कुत्रं पेपरवाला, शाळकरी पोरं आणि वाऱ्याने हललेली पिशवी सगळ्यांना सारखंच भुंकतं, ते चोराला भुंकलं तर शेजारी उठणार आहेत का? ते उशी कानावर ओढतील. टिप्या रात्री भुंकला तर मी उठून बघतो, कारण तो उगाच भुंकत नाही.

आता कायद्याचं थोडक्यात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, भुंकण्याचं कारण पुढे करूनही नाही. त्याच सूचनांत मालकांना, विशेषतः रात्री, कुत्रं शांत ठेवायला सांगितलं आहे. पहिला भाग सगळ्या मालकांना पाठ असतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि राहत्या भागाची रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. आणि आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम 291 लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी लावून यातून सुटका होत नाही. फाटकाची कडी रोज बघा. आमची बहुतेक पोरं पडली ती ‘चुकून उघड्या राहिलेल्या’ फाटकांमुळे.

आता तुमचं शिकवणं पूर्ण होईपर्यंत बाहेरच्यांनी काय करायचं? मी पोरांना सांगतो: पळू नका, सायकलवरून उतरा, सायकल मध्ये धरा, तिरके उभे राहा, डोळ्यात बघू नका, हळूहळू मागे सरका. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. सांगली हळदीचं गाव असलं तरी जखमेत हळद भरायची नाही, चुना तर नाहीच. मालकाने त्या वेळी लसीचं कार्ड घेऊन सोबत जावं, निदान दार तरी लावून घेऊ नये.

कुत्रं शिकल्यावर खाऊ एकदम बंद करू नका. आधी एक दिवसाआड, मग अधूनमधून. लाईनवर नवं पोरगं आलं की मी आदल्या दिवशी कळवतो, तेव्हा पुन्हा चार-पाच दिवस डबा टांगा. पावसाळ्यात रात्री तो आत न्या, नाहीतर सकाळी मुंग्या पोराच्या हाताला चावतात आणि ते मला येऊन ओरडतं.