संगीत, ताल आणि मेंदूवर संशोधन करायचंय? खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

जळगाव-धुळ्याकडची मुलं-मुली हल्ली विचारतात, "ताई, संगीत आणि मेंदू यावर काम करायचंय, तर डिग्री कोणती घेऊ?" या नावाची पदवी आपल्याकडच्या कॉलेजांत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. या क्षेत्रात फिजिक्सवाले आहेत, मानसशास्त्रवाले आहेत. इलेक्ट्रॉनिक्स, भाषाशास्त्र, डॉक्टरकी अशी सगळीकडून माणसं आली आहेत. मी भडगाव तालुक्यातली. बी.एस्सी. फिजिक्स करताना गांधर्वच्या तबल्याच्या परीक्षा देत होते, पुढे कॉग्निटिव्ह सायन्सकडे, म्हणजे मन आणि मेंदू कसं काम करतात याच्या शास्त्राकडे वळले आणि आता माणसाला ताल कसा कळतो यावर काम करते.

माझं एक ठाम मत आहे. आधी एक विद्या पक्की करा, दुसरी कामापुरती नंतर शिकता येते. थोडं फिजिक्स, थोडं मानसशास्त्र, थोडं गाणं असं सगळंच वरवर येणाऱ्याला प्रयोगशाळेत नेमकं काय काम द्यावं ते कळत नाही. उलट ज्याला पायथॉन या संगणकभाषेत सिग्नल हाताळता येतो, ज्याचं संख्याशास्त्र चांगलं आहे किंवा जो खरोखर रियाज करून वाजवतो, त्याची गरज पहिल्या दिवसापासून असते. सी. व्ही. रामन यांचं उदाहरण घ्या. १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासोबत 'नेचर'मध्ये त्यांनी दाखवलं, की आपल्या तालवाद्यांच्या पुडीवरच्या शाईमुळे, म्हणजे त्या काळ्या थरामुळे, त्यातून सुरेल स्वरांश (मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर) निघतात. साध्या ताणलेल्या चामड्यातून ते तसे निघत नाहीत. कान तयार होता, पण काम उभं राहिलं ते फिजिक्सच्या पायावर.

आता विषयाकडे. २००७ मध्ये जेसिका ग्रॅन आणि मॅथ्यू ब्रेट यांनी एमआरआय यंत्रात लोकांना हालचाल न करता नुसते ठोके ऐकवले. ठेका स्पष्ट असला की मेंदूतले हालचाल घडवणारे भाग, बेसल गँग्लिया आणि सप्लिमेंटरी मोटर एरिया, जास्त जागे होत होते. हात-पाय स्थिर, तरीही मेंदू ठेका धरतोच. पार्किन्सनमध्ये (कंपवातात) बिघाड होतो तो याच बेसल गँग्लियात, आणि त्या रुग्णांना ठेका ओळखणंही अवघड जातं. बाहेरून ठेका ऐकवला तर मात्र अनेकांचं अडखळणारं चालणं सुधारतं. मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात यावर काम केलं, आणि आज फिजिओथेरपीत ही पद्धत वापरली जाते. २००९ मध्ये हंगेरीत झोपलेल्या नवजात बाळांना ढोलाचा ठेका ऐकवून मधूनच मुख्य ठोका गाळला, तर बाळांच्या ईईजीत, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीत, चूक पकडल्याची खूण उमटली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकले नव्हते.

पण आपल्यासाठी सगळ्यात मोलाचं काम वेगळंच आहे. २००५ मध्ये एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी दाखवलं, की बाल्कन भागातल्या सात मात्रांसारख्या विषम ठेक्यात झालेला बदल उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या माणसांना ओळखता येत नाही, पण तिथल्याच सहा महिन्यांच्या बाळांना येतो. वर्षभराची झाली की ती बाळंही मोठ्यांसारखीच होतात. म्हणजे कान घडतो तो आसपासच्या संगीतानं. मग विचार करा, रूपक तालाच्या ३-२-२ मध्ये आणि झपतालाच्या २-३-२-३ मध्ये वाढलेल्या कानाचं काय? रूपकात तर समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, 'खाली' (टाळीऐवजी रिकामा हात) येते. जिथे सगळ्यात जड ठोका अपेक्षित, तिथेच टाळी नाही! अशा कानांवर अजून करण्यासारखं पुष्कळ आहे. २०२४ मध्ये नोरी जेकोबी आणि सहकाऱ्यांनी १५ देशांतल्या ३९ गटांचा लयीकडे असलेला मनाचा कल तपासला, तेव्हाही प्रत्येक गटावर आपापल्या संगीताची छाप दिसली.

म्हणून सांगते, प्रश्न शोधायला दूर जाऊ नका. भुलाबाईच्या महिनाभरात मुली टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात; गाणं सुरू होतं त्या लयीत संपत नाही, लय चढते. भजनातही तेच, वहीगायन या आमच्याकडच्या लोकगायनातही तेच. ही चढ कोण करतं? म्होरकी, की सगळ्याच थोड्या थोड्या? २०१७ मध्ये जपानमधल्या एका अभ्यासात असं आढळलं, की एकट्यानं बोटाचा ठेका धरला तर तो जितका वाढतो त्याहून दोघांनी मिळून धरला तर जास्त वाढतो. तिथे दोन माणसं आणि चार भिंती होत्या. आपल्याकडे अख्खं अंगण आहे. अशा प्रश्नाला प्रयोगशाळा लागत नाही, रेकॉर्डर लागतो.

मात्र मोजताना हयगय करू नका. ठोक्यावर बोट आपटायला सांगितलं तर बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधी पडतं, साधारण २० ते ८० मिलिसेकंद. आपल्याला मोजायचं असतं ते हे एवढंसं. ब्लूटूथ इअरफोन लावलात तर त्याचाच उशीर १०० मिलिसेकंदांच्या वर जातो, मोबाइलच्या स्क्रीनला आणखी वेगळा वेळ लागतो. यातून निघालेल्या आकड्यांवर कितीही सुंदर आलेख काढा, काही अर्थ नाही. साधा उपाय सांगते. वायरचा इअरफोन घ्या. ऐकवायचा ठोका दोन वायरींत विभागा: एक माणसाच्या कानात, दुसरी रेकॉर्डरच्या डाव्या चॅनलमध्ये. उजव्या चॅनलमध्ये टेबलाला चिकटवलेला छोटा माइक. आता ठोका आणि टिचकी एकाच फाइलमध्ये, एकाच घड्याळावर आहेत. मधला उशीर कितीही असो, दोघांमधलं अंतर खरं येतं. ही फाइल ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि सुरुवातीला तरी हातानं खुणा करा. डोळ्यांनी लाटा पाहिल्याशिवाय थेट प्रोग्रामवर विश्वास ठेवणारा विद्यार्थी मला चालत नाही.

ईईजी पुढे कधीतरी करालच. तो संकेत मायक्रोव्होल्टमध्ये असतो, व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात. पापणी मिटली, दात आवळले, मान डोलली की स्नायूंचा आवाज मेंदूच्या आवाजावर चढून बसतो. भिंतीतल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण असतेच. आणि आपल्या बायकांच्या डोक्याला तेल असतं! तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड नीट टेकत नाही, म्हणून आदल्या दिवशीच सांगावं लागतं की केस धुऊन, कोरडे करून, बिनतेलाचे या. ढोलवाल्याला डोकं हलवू नका म्हणणं तर त्याला श्वास घेऊ नका म्हणण्यासारखं आहे. त्याला वाजवायला न लावता त्याचाच ढोल आधी रेकॉर्ड करून ऐकवायचा, आणि मध्ये विश्रांती ठेवायची. या बारीकसारीक गोष्टी शोधनिबंधात एका ओळीत असतात, प्रत्यक्षात अख्खी दुपार खातात.

ज्यांच्यावर अभ्यास करता त्यांची लेखी संमती घ्या; आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढा आणि संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी मिळाल्यावरच सुरुवात करा. संमतीचा कागद इंग्रजीत देऊन अंगठा घेणं ही संमती नव्हे. आमच्याकडच्या आज्या ईईजीची इलेक्ट्रोड लावलेली टोपी पाहून आधी विचारतात, "हाई काय शे?" त्यांना अहिराणीत सांगा: यातून करंट जात नाही, फक्त आतलं ऐकतो, आणि नको वाटलं की कधीही उठून जा. सातपुड्याकडे भिल्ल-पावरा वस्तीवर गेलात तर तिथली बोली येणारं माणूस सोबत हवंच. गाणं ज्यांचं, त्यांचं नाव त्यांच्या मर्जीनं नोंदवा, आणि निष्कर्ष परत जाऊन सांगा. या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही.

अजून एक. अमुक रागानं तमुक आजार बरा होतो, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मोझार्टचं संगीत ऐकलं की बुद्धी वाढते, या 'मोझार्ट इफेक्ट'चं मूळ पाहा: १९९३ चा एक छोटा अभ्यास, ३६ कॉलेजचे विद्यार्थी, एका प्रकारच्या चाचणीत १०-१५ मिनिटं टिकलेली वाढ. त्यावरून बाळांना सीडी विकल्या गेल्या, आणि नंतरच्या अभ्यासांत तो परिणाम जवळपास विरला. संगीतावर प्रेम असलेल्यालाच असे दावे खोडून काढणं जास्त जमलं पाहिजे, कारण खोटे दावे शेवटी संगीतालाच हलकं करतात.

शिक्षणाचं म्हणाल, तर अलाहाबाद विद्यापीठाचं वर्तन व संज्ञान विज्ञान केंद्र, आयआयटी गांधीनगर आणि आयआयटी कानपूर इथे कॉग्निटिव्ह सायन्स शिकता येतं, आणि तिथे वेगवेगळ्या शाखांचे पदवीधर येतात. हैदराबादच्या आयआयआयटीत संगीत आकलनावर, आयआयटी मुंबईत संगीताच्या सिग्नलवर, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आणि मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात संगीत व मेंदूवर काम झालेलं आहे. प्रवेशाचे नियम दरवर्षी बदलतात, ते त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहा. नोकऱ्या थेट या नावाच्या फार नाहीत, हे घरी आधीच सांगून ठेवा. पण सिग्नल आणि संख्याशास्त्र येत असेल तर श्रवणयंत्रं, ऑडिओ, उच्चारतंत्रज्ञान, पुनर्वसन अशा ठिकाणी वाट निघते.

मार्गदर्शकाला मेल लिहाल तेव्हा "मला संगीताची लहानपणापासून आवड आहे" यानं सुरुवात नको. त्यांचा एक शोधनिबंध वाचा, त्यातलं काय समजलं नाही ते दोन ओळींत विचारा आणि सोबत स्वतः केलेलं एक रेकॉर्डिंग व त्याचा एक आलेख जोडा, भले तो तुमच्या गल्लीतल्या टिपऱ्यांचाच असो. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, आणि तोवर दुसऱ्या कुणाचा निबंध वाचायला घ्या.