तुटलेल्या संघातली भांडणं नकाशावर कशी वाचावीत: एका मोजणीदाराची रीत

गेल्या रविवारी संध्याकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी शेजारचं एक जोडपं आलं. मुलीला डॉक्टरकीसाठी तबिलिसीला, म्हणजे जॉर्जियात पाठवायचं चाललंय. एजंटाने दिलेलं गुळगुळीत माहितीपत्रक टेबलावर ठेवून मुलीची आई म्हणाली, "काका, तिकडे लढाईची भीती आहे का, तेवढं सांगा." हाच प्रश्न घेऊन वर्षभरात पाच-सहा घरं माझ्याकडे येऊन गेली. कुणी किर्गिझस्तानातल्या बिश्केकचं विचारतं, कुणी आर्मेनियातल्या येरेवानचं, कुणी उझबेकिस्तानातल्या ताश्कंदचं. सगळी शहरं १९९१ मध्ये तुटलेल्या सोव्हिएत संघातली. दर वेळी नकाशा काढून बसावं लागतं, म्हणून ही रीत एकदाची लिहून ठेवतो.

मी चौतीस वर्षं जमीन मोजली. डभोई, पादरा, सावली, वाघोडिया. भावाभावांच्या वाटण्या, शेढ्याचे तंटे (बांधाला इकडे शेढोच म्हणतात), विहिरीचं पाणी, गाडीवाट. परराष्ट्र धोरण वगैरे मी शिकलेलो नाही. पण २०२२ साली धाकट्या भावाची मुलगी युक्रेनमधल्या खारकीवमध्ये युद्धात अडकली, आणि त्या दिवसांत नकाशावर बोट फिरवताना कळलं की हे वाटणीचं भांडण आहे, आणि ते मला वाचता येतं. खारकीव रशियाच्या हद्दीपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. बडोद्याहून आणंद जितकं लांब, साधारण तितकं. तिला पाठवताना घरातल्या एकानेही हे अंतर मोजलं नव्हतं. मीही नाही. ते मला अजून लागून आहे.

रावपुऱ्यातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानातून दोन ट्रेसिंग पेपर, काळी, लाल आणि निळी पेन्सिल घ्या. सोव्हिएत संघाच्या १५ प्रजासत्ताकांचा नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्या, त्यावर किलोमीटरची मोजपट्टी हवीच. मोबाइलवर बघून भागत नाही. बोटांनी नकाशा लहानमोठा करताना अंतराचं भानच राहत नाही.

पहिल्या ट्रेसिंगवर काळ्या पेन्सिलीने जुन्या हद्दी काढा. या हद्दी देशांच्या म्हणून आखलेल्या नव्हत्या. एकाच घरातल्या खोल्यांच्या भिंती होत्या त्या, आणि मॉस्कोतून कधी इकडे, कधी तिकडे सरकवल्या गेल्या. क्रिमिया १९५४ मध्ये रशियाच्या खात्यातून युक्रेनच्या खात्यात गेला. आपल्याकडे एक तालुका या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात जातो तसा. नागोर्नो-काराबाख हा आर्मेनियन वस्तीचा डोंगराळ भाग १९२३ मध्ये अझरबैजानच्या आत स्वायत्त प्रदेश केला गेला. मग ८ डिसेंबर १९९१ ला रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी बेलारूसमधल्या बेलोवेझच्या जंगलात संघ संपल्याच्या कागदावर सह्या केल्या, २१ डिसेंबरला कझाकस्तानातल्या अल्मा-अताला ११ प्रजासत्ताकं एकत्र बसली, २५ तारखेला संघाचे अध्यक्ष गोर्बाचेव्ह पायउतार झाले. आणि ठरलं असं, की भिंत जिथे आहे तिथेच हद्द. त्या घटकेला दुसरं काही ठरवणं शक्यही नव्हतं. फेरमोजणी काढली असती तर पंधराही घरं एकाच वेळी पेटली असती.

बडोद्याच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. गायकवाडी मुलूख सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली असे प्रांत, शिवाय पार द्वारकेच्या टोकाला ओखामंडळ, आणि मधेमधे इंग्रजांची नि इतर संस्थानांची गावं. माझे आजोबा या मुलखाचा नकाशा दाखवताना म्हणायचे, फाटलेल्या गोधडीसारखा दिसतो. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्या रेषा कुणाला नडल्या नाहीत. त्याच गोधडीच्या प्रत्येक तुकड्याला एका रात्रीत पासपोर्ट, फौज आणि झेंडा मिळाला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा, आणि मग फरगाना खोऱ्याकडे बघा. तिथे उझबेकिस्तान, किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान यांची गावं एकमेकांच्या पोटात अडकलेली आहेत. वोरूख हे ताजिक गाव चारी बाजूंनी किर्गिझ जमिनीने वेढलेलं आहे.

दुसऱ्या ट्रेसिंगवर लाल पेन्सिल. इथे मालकी विसरायची आणि कब्जा काढायचा: आज तिथे कुणाचे शिपाई उभे आहेत? मोजणीच्या कामात हा पहिला धडा असतो. सातबारावर नाव एकाचं, औत दुसऱ्याचं. मोल्दोवात द्नीस्तर नदीकाठची चिंचोळी पट्टी, ट्रान्सनिस्ट्रिया, ही कागदावर मोल्दोवाची. १९९२ च्या लढाईपासून कारभार वेगळा आणि रशियाचे सुमारे १,५०० सैनिक तिथे. जॉर्जियात अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया. ऑगस्ट २००८ च्या पाच दिवसांच्या युद्धानंतर रशियाने त्यांना देश म्हणून मान्यता दिली, आणि जॉर्जियाची सुमारे पाचवा हिस्सा जमीन तबिलिसीच्या हाताबाहेर आहे. क्रिमिया २०१४ पासून रशियाच्या कब्जात. युक्रेनच्या पूर्वेची रेघ तर पेन्सिलीनेच काढा, खोडून पुन्हा काढावी लागते. बाल्टिक देशांवर मी फार वेळ घालवत नाही. एस्टोनिया, लात्व्हिया, लिथुआनिया २००४ मध्येच नाटोत, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीत गेले, त्यांचं गणित निराळं.

आता दोन्ही ट्रेसिंग एकमेकांवर ठेवा. काळी आणि लाल रेघ जिथे जुळत नाही, तिथे बोट ठेवून थांबा. बातमी कुठलीही असो, ती बहुतेक तिथूनच आलेली असते.

लाल रेघ गप्प बसत नाही, हेही लक्षात ठेवा. दक्षिण ओसेतियाच्या कडेने रशियन सीमारक्षक काटेरी तार आणि हिरव्या पाट्या लावतात. लोक सकाळी उठतात तेव्हा परसातली सफरचंदाची झाडं तारेपलीकडे गेलेली असतात. जुलै २०१५ मध्ये अशाच पाट्या पुढे सरकल्या आणि बाकू-सुप्सा तेलवाहिनीचा एक तुकडा पलीकडे गेला. रात्रीतून हद्दीचा दगड सरकवणारा माणूस मी सावली तालुक्यात पाहिलाय. दोन हात जमिनीसाठी भावाने भावाचं डोकं फोडलं होतं.

निळी पेन्सिल पाण्यासाठी आणि रस्त्यासाठी. वर्तमानपत्रं वंश, भाषा, धर्म लिहितात, त्यात खोटं काही नाही. पण भांडण नेमकं कुठल्या दिवशी पेटलं हे बघायला गेलं की बहुतेकदा एक पाट सापडतो नाहीतर एक वाट. किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान यांच्यामधली हद्द सुमारे ९७० किलोमीटर, आणि तीस वर्षं तिचा मोठा भाग ठरलेलाच नव्हता. ताजिक बाजू १९२४ ते २७ चे नकाशे पुढे करायची, किर्गिझ बाजू १९५८-५९ चे. दोन्ही नकाशे मॉस्कोच्याच कारभारातले! हे वाचलं त्या दिवशी मला आमच्या कचेरीतली जुनी टिपणं आठवली; एका सर्वे नंबरची दोन टिपणं निघाली की दोन्ही पक्ष शपथेवर खरं बोलतात. एप्रिल २०२१ मध्ये गोलोव्नोय नावाच्या पाणी-वाटपाच्या ठिकाणी एका बाजूने खांबावर कॅमेरा बसवायला घेतला. दुसऱ्या बाजूने हरकत घेतली. आधी दगड, मग बंदुका, आणि काही दिवसांत पन्नासहून जास्त माणसं मेली. सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा पेटलं, तेव्हा शंभराहून अधिक.

काराबाखचा शेवटही रस्त्यावरच ठरला. आर्मेनियातून तिथे जाणारी एकच वाट उरली होती, लाचिनची. डिसेंबर २०२२ मध्ये ती अडवली गेली. नऊ महिने औषधं, पीठ, इंधन यांची टंचाई. रशियाची शांतिसेना तिथेच उभी होती. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने एका दिवसात मोहीम पुरी केली आणि लाखावर आर्मेनियन त्याच रस्त्याने घरं सोडून निघाले. मुलांचं काही ठरवताना नकाशावर वाटा मोजा असं मी म्हणतो, ते या कारणाने. गावाला दोन वाटा असतील तर माणूस निघू शकतो.

यानंतर कागद वाचायला शिका. शस्त्रसंधी म्हणजे मनाई हुकूम. गोळीबार थांबला, एवढाच त्याचा अर्थ. हद्द ठरलेली नसते. काराबाखचा १९९४ चा शस्त्रसंधी सव्वीस वर्षं टिकला आणि २०२० मध्ये ४४ दिवसांच्या युद्धात मोडला. युक्रेनच्या पूर्वेसाठी २०१४ आणि २०१५ मध्ये मिन्स्कमध्ये करार झाले. त्यांच्या नशिबी काय आलं ते आपण पाहिलं. हद्दीचा करार ही वेगळी चीज आहे. त्यात दोन्हीकडचे मोजणीदार शेतात उतरतात, गावागणिक रेघ मारली जाते, अदलाबदल होते. १३ मार्च २०२५ ला बिश्केकमध्ये किर्गिझ आणि ताजिक अध्यक्षांनी तसा करार केला, वोरूखला जाणारा रस्ता तटस्थ धरला. माझ्यासारख्याच माणसांनी डोंगरात उभं राहून ते काम केलं असणार. बातमी वाचून मी घरात पेढे आणले होते.

करारात जामीन कोण आहे, तेही बघा. सोव्हिएत संघ तुटला तेव्हा युक्रेनकडे सुमारे १,९०० मोठ्या पल्ल्याची अण्वस्त्रं राहिली होती. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने त्याच्या हद्दींचा मान राखण्याचं वचन दिलं आणि युक्रेनने ती अस्त्रं सोडली. वचन मोडलं तर कोण काय करणार? कागद म्हणतो, आपसात विचारविनिमय करू. जामिनाने रक्कमच लिहिली नाही, असला तो दस्त. आर्मेनियाकडे याहून पक्का कागद होता: सामूहिक सुरक्षेचा करार, १९९२ चा, ताश्कंदचा. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. सप्टेंबर २०२२ मध्ये आर्मेनियाच्या स्वतःच्या जमिनीवर अझरबैजानचा हल्ला झाला, त्याने मदत मागितली, आणि आलं ते पाहणी पथक. २०२४ मध्ये आर्मेनियाने त्या करारातून उभ्या राहिलेल्या, रशियाच्या पुढाकाराच्या संघटनेतला सहभाग गोठवला. त्याच संघटनेच्या फौजा जानेवारी २०२२ मध्ये कझाकस्तानात मात्र चटकन उतरल्या होत्या, कारण तिथे हाक सरकारने घरातल्या दंग्यासाठी मारली होती. कुठला जामीन कुठल्या कामाला उभा राहतो, हे आधीच्या वर्तनावरून कळतं. कलमांवरून कळत नाही.

आता घरच्या माणसाचं. पुतणीला भारतीय वकिलातीची पहिली सूचना आली १५ फेब्रुवारी २०२२ ला: राहणं आवश्यक नसेल त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं निघण्याचा विचार करावा. "विचार करावा" या शब्दांवर आमच्या घरात दोन रात्री चर्चा झाली. तिकीट महाग झालं होतं, कॉलेज हजेरी सोडायला तयार नव्हतं, आणि एजंट म्हणत होता, काही होत नाही. २४ तारखेला पहाटे बॉम्ब पडले आणि विमानं बंद झाली. पुढचे दिवस ती मेट्रोच्या स्टेशनात. २ मार्चला वकिलातीने सांगितलं, मिळेल त्या मार्गाने, पायीसुद्धा, संध्याकाळी सहाच्या आत खारकीवजवळच्या पिसोचिनला पोचा. ती बर्फातून चालत गेली. पाठीवर दप्तर, एका हातात मैत्रिणीचा हात. नंतर बसने पश्चिमेला, आणि भारत सरकारच्या सुटका मोहिमेच्या, ऑपरेशन गंगाच्या विमानाने घरी. विमानतळावर भाऊ तिच्याकडे बघत नुसता उभा राहिला, त्याला पुढे पाऊल टाकता येईना.

म्हणून सांगतो. वकिलातीच्या सूचनेत "सावध राहा" होतं तिथे "निघण्याचा विचार करा" आलं की त्याच दिवशी तिकीट काढा. हजेरी नंतर भरून काढता येते. मुलाचं नाव परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर पहिल्या आठवड्यात नोंदवा. पासपोर्ट वसतिगृहाच्या कपाटात नको, मुलाजवळ हवा. थोडे डॉलर रोख. आणि सगळा धोका हद्दीवरच असतो असं समजू नका: मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. तिथे हद्दीचा काही संबंध नव्हता, आपली मुलं दिवसचे दिवस खोल्यांत बंद होती.

रविवारी त्या मुलीलाच मी पट्टी हातात दिली. तबिलिसीवर टोक ठेवून तिने लाल रेघेपर्यंत मोजलं. मग मी तिला गोरी दाखवलं, जे २००८ मध्ये बॉम्बखाली आलं होतं. तिथून दक्षिण ओसेतियाचं त्सखिनवाली तीसेक किलोमीटर. मग बाहेरच्या वाटा. अझरबैजानची हद्द नकाशावर जवळ दिसते, पण २०२० मध्ये करोनाच्या वेळी त्यांनी जमिनीवरून प्रवाशांची ये-जा बंद केली आणि पुढे मुदत वाढवतच नेली, म्हणून त्या रेघेवर तिने फुली मारली. दक्षिणेला आर्मेनिया, पश्चिमेला बाटुमीवरून तुर्कस्तान. आई-बाप गप्प बसून बघत होते. "काका, या दोन वाटांचे तास काढून आणते," असं म्हणून ट्रेसिंग गुंडाळून ती घेऊन गेली. बुधवारी येणार आहे.