मजकुराची रुंदी: विनफॉर्म्समध्ये नेमकी कशी मोजायची

दुकानदारांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करणं हा माझा धंदा. ते मी विनफॉर्म्समध्ये, म्हणजे विंडोजसाठी प्रोग्रॅम बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनात, करतो. त्यात 'रु.' एका फॉन्टमध्ये आणि लगेच त्याला चिकटून आकडा ठळक अक्षरात, असं रोजच काढावं लागतं. अशा वेळी मध्ये नको ती फट पडली, तर पहिला संशय मेझरस्ट्रिंगवर, म्हणजे मजकुराची रुंदी मोजणाऱ्या फंक्शनवर घ्या.

जीडीआय प्लसचं (विंडोजमधली चित्र आणि मजकूर काढणारी लायब्ररी) हे फंक्शन मजकुराच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा मुद्दाम सोडतं. तिरक्या अक्षराचं टोक कापलं जाऊ नये, हा हेतू. ती जागा नको असेल तर स्ट्रिंगफॉरमॅट डॉट जेनेरिकटायपोग्राफिक या तयार फॉरमॅटची प्रत करून त्याला द्या आणि टेक्स्टरेंडरिंगहिंट (अक्षरांच्या कडा कशा काढायच्या ती सेटिंग) अँटीअलायस ठेवा. शेवटची स्पेसही डीफॉल्टने मोजली जात नाही. त्यासाठी मेझरट्रेलिंगस्पेसेस हा फ्लॅग जोडावा लागतो. आणि जो फॉरमॅट मोजताना दिला, तोच मजकूर काढणाऱ्या ड्रॉस्ट्रिंगला द्या. इथेच बहुतेकांचं बिनसतं.

दुसरा रस्ता टेक्स्टरेंडररचा. तो जुन्या जीडीआयवर चालतो, म्हणून त्याची मापं वेगळी येतात. त्याच्या मोजणाऱ्या मेझरटेक्स्टला नोपॅडिंग (कडेची जागा नको) हा फ्लॅग दिलात तर काढणाऱ्या ड्रॉटेक्स्टलाही द्या. एकाने मोजून दुसऱ्याने काढणं म्हणजे इंचाच्या टेपने माप घेऊन सेंटीमीटरच्या टेपने कापड फाडणं.

मराठीत आणखी एक भानगड आहे. एकेका कॅरेक्टरची रुंदी मोजून बेरीज करू नका. 'ज्ञानेश्वर' हे मेमरीत 10 कॅरेक्टर, पण पडद्यावर ज्ञा, ने, श्व, र एवढीच चार अक्षरं. सुटा 'श' आणि जोडाक्षरातला 'श' यांची रुंदी सारखी नसते. पूर्ण ओळ एकदम मोजा. कर्सरसाठी तुकडा पाडायचाच असेल, तर हलन्तानंतर (पाय मोडायच्या चिन्हानंतर) पाडू नका, नाहीतर पाय मोडलेल्या अक्षराचं माप हाती येईल.

खात्री करायला मोजलेल्या मापाचा लाल चौकोन मजकुराभोवती काढा. नुसत्या 'एबीसी'वर भागवू नका. 'र्‍हस्व', 'क्षत्रिय' आणि शेवटी स्पेस असलेला 'रु. ' घ्या.

रक्कम उजवीकडे लावायची असेल तर मोजतच बसू नका: फॉरमॅटची अलाइनमेंट 'फार' (इंग्रजी Far, म्हणजे ओळीच्या शेवटच्या कडेला) ठेवा, ड्रॉस्ट्रिंगला चौकोन द्या, झालं. छपाईत मात्र टेक्स्टरेंडरर वापरू नका, तो त्यासाठी नाहीच. प्रिंटपेज या छपाईच्या इव्हेंटमध्ये मिळणारा ग्राफिक्स ऑब्जेक्ट घेऊन मापं तिथेच नव्याने घ्या. पडद्यावरची चालत नाहीत.