अ‍ॅम्पचा आवाज मध्येच बसत असेल तर

गिटार, केबल आणि पेडल सगळे ठीक असूनही अ‍ॅम्पचा आवाज वाजवता वाजवता एकाएकी क्षीण होत असेल, तर दुरुस्तीला नेण्याआधी त्याची मागची बाजू पाहावी. तेथे इफेक्ट्स लूपचे (अ‍ॅम्पच्या आतल्या सिग्नलच्या वाटेत पेडल जोडण्याच्या सोयीचे) ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ असे दोन जॅक असल्यास, व्हॉल्यूम कमी ठेवून, पेडल जोडायची आखूड पॅच केबल त्या दोहोंमध्ये लावावी. आवाज पूर्ववत झाला, तर दोष बहुधा रिटर्न जॅकच्या आतल्या पत्तीत असतो. लूप रिकामा असताना सिग्नल तिच्यातूनच पुढे जातो आणि वर्षानुवर्षे न वापरल्याने ती काळवंडते. माझ्या अ‍ॅम्पचे नेमके हेच झाले होते. हातातला कार्यक्रम ही केबल तशीच ठेवून निभावता येतो.

नंतर सवडीने अ‍ॅम्प बंद करून विजेची पिन काढावी, केबलच्या प्लगवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विजेचे जोड साफ करायच्या द्रवाचा) हलका फवारा मारावा, तो प्लग रिटर्नमध्ये 10-15 वेळा आत-बाहेर करावा आणि क्लीनर पूर्ण सुकू द्यावा.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या अ‍ॅम्पची) पेटी मात्र घरी कधीही उघडू नये, कारण पिन काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा विद्युतभार साठलेला असू शकतो.