गोधडी मशीनखाली सरकवण्याआधी

कात्री, टाचण्या, खडू हे सांगायला नको. मुंबईत हिंदमाताहून किंवा मंगलदास मार्केटमधून नवं सुती कापड आणलं असेल तर धुऊन त्याची खळ काढा. आत जुन्या साड्या घालणार असाल तर जरीचे काठ कापून टाका, जरीवर सुईचं टोक जातं. पावसाळ्यात वाळवायला एखादा दिवस जास्त धरा. मुंबईच्या हवेत वरून सुकी वाटणारी साडी घडीत दमटच असते.

सुई नवी, 16 नंबरची. ब्लाउजला चालते ती 11ची सुई एवढ्या थरांत वाकते आणि टाके गाळायला लागते. जुनी काढण्याआधी तिची सपाट बाजू कुठे आहे ते बघून ठेवा, नवी तशीच बसवा, पार वरपर्यंत सरकवून मग स्क्रू आवळा. टाके गळायला लागले की लोक टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणारं बटण, पिळत बसतात. आधी सुई बदला हो!

आता दोरा. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वर उचलून ओवा. फूट खाली असला की टेन्शनच्या दोन चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. वरून शिवण सरळ दिसत राहते आणि पाठीमागे नुसता गुंता होतो. गुंता खाली, म्हणून सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाला, दोष देतात, ते ज्यात बसतं त्या बॉबिन केसचा स्क्रू फिरवतात आणि चांगलं असलेलंही बिघडवतात. खालच्या गुंत्याचं मूळ बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतं. फूट वर करा, दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा.

सुरुवातीला हे सगळे नीट करतात. घात होतो तो मध्येच रीळ संपलं की. गोधडी जड, सरकू नये म्हणून फूट खालीच राहतो आणि तसाच नवा दोरा ओवला जातो. माझ्या मागच्या गोधडीच्या मधल्या ओळी अशाच उसवाव्या लागल्या, आणि उसवलेल्या जुन्या साडीला भोकं राहतात ती राहतातच. म्हणून रीळ संपलं की चाक हाताने फिरवून सुई कापडात रुतवा, मग फूट उचला. गोधडी हलणार नाही. दोरा चकत्यांमधून ओढून घ्या, मग फूट खाली, सुई वर, आणि राहिलेलं ओवा. फूट खाली ठेवून चकत्यांमधून दोरा घ्यायचा नाही. घाई असली तरी नाही.

शिवण्याआधी त्याच थरांचा हातभर तुकडा घेऊन चालवून बघा, एकेरी चिंधीवर काही कळत नाही. वर लाल, खाली पांढरा दोरा लावा. लाल बाजूला पांढरे ठिपके आले तर वरचं टेन्शन थोडं सैल करा, पांढऱ्या बाजूला लाल फासे आले तर आधी फूट वर करून पुन्हा ओवा, आणि तरीही आले तरच टेन्शन आवळा. एका वेळी टेन्शनच्या बटणावरचा अर्धा आकडा, जास्त नाही. टाका 3 ते 3.5 मिलिमीटर, बारीक टाक्याने गोधडी चुरगळते.

बॉबिन सावकाश भरा, काठोकाठ नको. कापड पुढे सरकवणाऱ्या दातांखालचा कापूस ब्रशने काढा, फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलाव्याने गंज धरतो. तेल मशीनचंच, खोबरेल कधीही नाही, आणि तेलानंतर आधी चिंधीवर चालवा.

थर चार-चार बोटांवर कच्च्या धावदोऱ्याने पकडा. मधून बाहेर शिवत जा. टेबल भिंतीला लावा आणि बाजूला खुर्ची किंवा पलंग ओढून गोधडीचा भार त्यावर टाका. ती खाली लोंबली की सुई ओढली जाते, टाके लहानमोठे पडतात. आपल्या खोल्यांत जागा नसते, पण एवढी करावीच लागते. वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही खालच्याबरोबर पुढे सरकवणारा फूट, असेल तर लावा, नसेल तर फूटचा दाब थोडा कमी करा.

पहिल्या दोन-तीन टाक्यांना दोन्ही दोऱ्यांची टोकं धरा. दर ओळीनंतर गोधडी उलटून पाठ बघा. नवं रीळ लावल्यावर तर चार टाके घालून लगेच बघा.

गोट, म्हणजे कडेची पट्टी, सगळ्यात शेवटी. काम संपलं की सुई काढून ठेवा, पावसात मशीनवर राहिलेली सुई गंजते.