बोर्डाजवळचा एक मीटर: गोव्यातून आइस हॉकीकडे वळणाऱ्यांसाठी

गोव्यातली मुले चाकांवर शिकतात. सिमेंटच्या कोर्टवर इनलाइन हॉकी खेळून पाय तयार झाले की शिबिरासाठी लेह, गुलमर्ग किंवा डेहराडून गाठतात. स्केटिंग येत असल्यामुळे पहिल्याच दिवशी बर्फावर जोरात पळतात, आणि फसतात ती इथेच. इनलाइन हॉकीत अंगावर धडक मारायला नियमाने मनाई असते. आइस हॉकीच्या पुरुषांच्या सामन्यात ती खेळाचाच भाग. वेग अंगात आहे, पण धडक घ्यायची सवय नाही, अशी स्थिती होते.

त्यात थांबण्याची अडचण. चाकांवर एक पाय मागे आडवा ओढून काम भागते. बर्फावर गुडघे वाकवून दोन्ही पाती एकदम आडवी करावी लागतात, आणि बहुतेकांना हे एकाच बाजूने जमते. पूर्ण वेगातून, डावीकडे आणि उजवीकडे, ठरलेल्या रेषेवर थांबता येईपर्यंत बोर्डाजवळच्या पकमागे (पक म्हणजे चेंडूऐवजी वापरायची रबरी चकती) धावू नये.

बोर्ड म्हणजे रिंकभोवतीचा सुमारे १.०७ मीटर उंचीचा कठडा, त्यावर काच. नवख्याला भीती वाटते ती बोर्डाची. पण बोर्डाला अंग टेकवून उभे असाल तर धक्का सगळ्या अंगावर वाटला जातो. खरी घातक जागा त्याच्या अलीकडचा मीटरभर पट्टा. तिथे मागून धक्का बसला की हात पुढे येण्याआधी डोके आपटते. अमेरिकेतल्या काही रिंकवर म्हणूनच बोर्डालगत ४० इंच रुंदीचा नारिंगी पट्टा असतो. तेव्हा एक तर बोर्डाला चिकटा, नाही तर चांगले लांब राहा.

डोके आपटल्यावर मान का मोडते? ताठ उभे असताना मानेला किंचित बाक असतो आणि तो धक्का झेलतो. हनुवटी छातीकडे गेली, मान साधारण ३० अंश झुकली, की बाक नाहीसा होऊन मणके सरळ काठीसारखे एका ओळीत येतात. अशा वेळी टाळूवर मार बसला की मागून येणारे सगळे धड त्या ओळीवर चेपते आणि मणका फुटतो. हेल्मेट कवटीसाठी असते, ते मान वाचवत नाही. बोस्टन युनिव्हर्सिटीच्या ट्रॅव्हिस रॉयच्या मानेचा चौथा मणका २० ऑक्टोबर १९९५ रोजी असाच मोडला. पहिल्याच सामन्यात, मैदानात उतरून ११ सेकंद झाली होती. त्याला कोणी मागून मारले नव्हते. त्यानेच प्रतिस्पर्ध्याला दिलेली धडक निसटली आणि तो डोक्यावर बोर्डात गेला. म्हणून धडक देणाऱ्यानेही मान वरच ठेवायची.

कोपऱ्यातला पक घ्यायला जाताना आधी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहा. सरळ नाकासमोर जाऊ नका, तिरके जा. शेवटच्या दोन पावलांत पाती बोर्डाला समांतर, गुडघे वाकलेले. बाहू, खांदा, नितंब, मांडी एकदम टेकवा. हात ताठ धरलात तर मनगट किंवा कोपर जाते. पक मिळाल्यावर ऐनवेळी पाठ वळवू नका, कारण मागचा खेळाडू त्या क्षणी थांबू शकत नाही. तोल गेलाच तर हनुवटी वर, हात पुढे. जमल्यास कुशीवर बसकण मारून पाय आधी बोर्डाला लावा. हे गोव्यात भिंतीसमोर, हेल्मेट घालून, चालण्याच्या वेगाने घोटता येते. फक्त पावसाळ्यात शेवाळलेल्या सिमेंटवर नको.

समोरच्याच्या जर्सीवरचा पाठीचा नंबर दिसला की धडक सोडून द्यायची आणि स्टिकने पक काढायचा. मागून धडक किंवा बोर्डिंगला (म्हणजे कोणाला बोर्डावर जोरात आपटण्याला) गंभीर प्रसंगी ५ मिनिटे आणि बाहेरचा रस्ता मिळतो. लहान मुलांच्या पालकांनी प्रशिक्षकाला सरळ विचारावे की धडक शिकवणार कोणत्या वयापासून. अमेरिकेत २०११ पासून १२ वर्षांपर्यंतच्या गटात सामन्यांत बॉडी चेकिंग, म्हणजे अंगाने धडक देणे, बंद आहे.

नैसर्गिक बर्फावर कठडा कधी गुडघ्याएवढाच असतो. तिथे आपटण्यापेक्षा त्यावरून उलटण्याचा धोका मोठा. आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. किनाऱ्यावरून थेट गेलात तर पहिले दोन दिवस खेळ नाही, दमलेल्या माणसाची मान आपोआप खाली जाते.

हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या बोटभर वर हवी. हाताने हलवल्यावर कपाळाची कातडीही हलली तर माप बरोबर.

कोणी बोर्डाखाली पडून राहिला तर आपल्याकडे हातपाय धरून उचलायची घाई होते. तसे करू नका. एकाने डोके दोन्ही हातांनी आहे त्याच रेषेत धरावे, दुसऱ्याने हातापायाची बोटे हलतात का, मुंग्या येतात का एवढे विचारावे. तोवर १०८ ला फोन गेलेला असावा. श्वास अडलेला नसेल तर हेल्मेट काढू नये. ते काढायचे काम डॉक्टरांचे.