जिग्ड बोन मुठीच्या पारंपरिक चाकूंचा संग्रह कसा करावा

जिग्ड बोन म्हणजे मुद्दाम खाचा पाडलेलं हाड. अशा मुठीच्या, घडीच्या जुन्या चाकूंचा संग्रह सुरू करणाऱ्या बहुतेकांची नजर आधी पात्याकडे जाते. माझं सांगणं आहे की आधी मूठ वाचायला शिका. पातं घासून नवं दिसतं, बोल्स्टर, म्हणजे मुठीच्या टोकाचा धातूचा तुकडा, चकाकवता येतो, कारखान्याचा शिक्कासुद्धा पुन्हा मारता येतो. पण कित्येक वर्षं खिशात आणि हातात वावरलेल्या हाडाचा रंग, त्याच्या कडांची झीज आणि खाचांत बसलेला काळेपणा हुबेहूब नकलणं फार अवघड असतं. या संग्रहात मूल्य आणि आनंद दोन्ही मुठीतच आहेत.

१. हे हाड तयार कसं होतं ते आधी समजून घ्या

इंग्लंडमधल्या शेफील्डचे कारागीर चाकूच्या मुठीसाठी हरणवर्गीय प्राण्यांची शिंगं वापरत. त्यातली पुष्कळशी शिंगं भारतातल्या सांबरांची होती. शिंगाचा खडबडीत पृष्ठभाग हातातून निसटत नाही आणि दिसतोही सुंदर. तोच परिणाम स्वस्तात साधण्यासाठी गुरांच्या नडगीचं हाड कापून त्याच्या पट्ट्या करायच्या आणि त्यावर यंत्राच्या पात्याने छोट्या छोट्या खाचा पाडायच्या, ही पद्धत रुळली. या खाचा पाडण्याला जिगिंग म्हणतात. अमेरिकेत तर हीच पारंपरिक चाकूची ओळख बनली.

खाचा पाडल्यावर पट्ट्या रंगात मुरवतात. हाड सगळीकडे सारखं दाट नसतं, त्यामुळे रंग कुठे खोल जातो, कुठे वरवर राहतो. मूठ चाकूवर बसवून घासली की उंचवटे फिके होतात आणि खाचा गडद राहतात. कडा जिथे गोलाकार घासल्या जातात, तिथे बऱ्याचदा आतलं फिकट हाड डोकावतं. एकाच दिवशी, एकाच रंगात बुडवलेल्या दोन पट्ट्याही सारख्या निघत नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंची हाडं रंगाने जुळणारा चाकू मिळाला की संग्राहक त्यासाठी जास्त मोजतात.

जिगिंगच्या तऱ्हा ओळखायला लागलात की जुन्या चाकूचा कारखाना कधी कधी शिक्का न पाहताही सांगता येतो. पीच सीड जिगिंगमध्ये पीचच्या बाठ्यासारख्या आखूड, वळणदार खाचा असतात. श्रेड या अमेरिकी कंपनीच्या जुन्या चाकूंवर ती ठळक दिसते. कनेक्टिकटमधली रॉजर्स कंपनी तयार जिग्ड हाड अनेक चाकूवाल्यांना पुरवायची. तिची जिगिंग अनियमित आणि खोल, जुन्या झाडाच्या सालीसारखी. मला विचाराल तर नजर तयार करायला रॉजर्स बोनइतकं चांगलं साधन नाही. त्यात नक्षीची पुनरावृत्ती सहजी सापडत नाही आणि डोळा आपोआप बारकावे शोधू लागतो.

२. एकच वाट धरा

सगळंच आवडतं म्हणून सगळंच घेतलं तर डबा भरतो, पण काहीच नीट कळत नाही. एक पॅटर्न (म्हणजे चाकूचा ठरावीक घाट), एक कारखाना, एक काळ किंवा हाडाचा एक रंग, यांपैकी एक सूत्र निवडा. ट्रॅपर हा बंद असताना साधारण ४⅛ इंचांचा, दोन लांब पात्यांचा चाकू. पीनट त्याच्या तुलनेत इवलासा, २⅞ इंचांचा. स्टॉकमनला तीन पाती, बार्लोला लांबलचक बोल्स्टर, काँग्रेसला पाठीकडे बाक. एकाच पॅटर्नचे पाच-सहा चाकू शेजारी ठेवले की मुठीची जाडी, खाचांची खोली, मुठीत जडवलेल्या धातूच्या शिल्डचा आकार यांतले फरक स्वतःहून दिसायला लागतात. वेगवेगळ्या पॅटर्नच्या गर्दीत ते दिसत नाहीत.

नव्याने सुरुवात करत असाल तर एखादा आत्ताच्या उत्पादनातला चाकू जरूर घ्या. पेन्सिल्व्हेनियात ब्रॅडफर्डची केस कंपनी आणि २००६ साली टायटसव्हिलमध्ये सुरू झालेली ग्रेट ईस्टर्न कटलरी आजही जिग्ड बोनचे चाकू बनवतात. हात त्यावर बसवा आणि मग जुन्याकडे वळा.

३. हाड आहे की प्लॅस्टिक, हे ओळखा

१९६० च्या दशकापासून डेलरिन नावाचं कणखर प्लॅस्टिक मुठींत शिरलं. ते साच्यातून निघतं, पण त्यावर जिगिंगची नक्कल इतकी चांगली असते की फोटोत भलेभले फसतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि मुठीच्या कडा पाहा. हाडात बारीक छिद्रं, गडद ठिपके किंवा लांबट रेषा दिसतात. जिवंत हाडात रक्तवाहिन्यांचे जे मार्ग होते, त्यांच्याच त्या खुणा. डेलरिन आरपार एकसारखं असतं आणि त्याचा रंग कडेलाही तोच राहतो. त्याच मॉडेलचा दुसरा चाकू शेजारी धरून खाच न् खाच जुळली, तर मूठ साच्यातली आहे.

तापवलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नका. हाड निघालं तरी चाकूवर कायमचा डाग राहतो. भिंग आणि संयम पुरेसे आहेत.

डेलरिनचा चाकू वाईट नसतो. श्रेडच्या ओल्ड टायमर मालिकेने पिढ्यान्‌पिढ्या काम केलंय. फक्त हाडाची किंमत देऊन डेलरिन घेऊ नका.

४. टँगवरचा शिक्का वाचा

पात्याचा बोल्स्टरजवळचा भाग म्हणजे टँग. कारखान्याचा शिक्का तिथे असतो आणि त्यावरूनच वय ठरतं. केसचं उदाहरण सर्वांत सोपं. ‘टेस्टेड’ आणि दोन एक्स हा शिक्का १९२० ते १९४० च्या काळातला. नुसतं ‘केस’ आणि दोन एक्स म्हणजे १९४० ते १९६४. त्याखाली ‘यूएसए’ आलं की १९६५ ते १९६९. १९७० पासून शिक्क्याखाली दहा ठिपके आले आणि दरवर्षी एक ठिपका कमी होत गेला. म्हणजे सात ठिपके असतील तर १९७३. १९८० पासून पुन्हा दहा ठिपके सुरू झाले, पण तेव्हाच्या शिक्क्यात ‘एस’ हे अक्षर विजेसारखं टोकदार आहे. हा फरक विसरलात तर वय दहा वर्षांनी चुकेल.

केसचे पॅटर्न क्रमांकही बोलतात. ६२५४ मध्ये ६ हा मुठीचा प्रकार, २ ही पात्यांची संख्या आणि ५४ हा साच्याचा क्रमांक, म्हणजे ट्रॅपर. ६ म्हणजे सहसा जिग्ड बोन. पण दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वापरलेल्या ‘रफ ब्लॅक’ या कृत्रिम मुठीला आणि नंतरच्या जिग्ड डेलरिनलाही तोच ६ मिळाला. म्हणून क्रमांक वाचून थांबू नका, पुन्हा भिंग हाडावर न्या.

रेमिंग्टन या अमेरिकी बंदूक कंपनीने चाकू बनवले ते १९२० ते १९४० या दोन दशकांतच. त्यामुळे जुन्या रेमिंग्टनला मोठी मागणी आहे आणि खोटे शिक्केही बरेच. पातं खडबडीत गंजखड्ड्यांनी भरलेलं आणि शिक्का मात्र कोरा करकरीत असेल, तर बाजूला ठेवा.

५. हातात घेऊन तपासा

चाकू उजेडासमोर धरा. स्प्रिंग आणि लायनर (हाडाखालची धातूची पट्टी) यांच्यामध्ये फट दिसते का? हाड आणि बोल्स्टरच्या सांध्यात केसाएवढी जागा असेल तर हाड आकसलं आहे. जुन्या चाकूत थोडं आकसणं चालतं. पिनेभोवतीचे तडे जास्त गंभीर, कारण ते वाढत जातात. आजूबाजूचं सगळं जुनं आणि पिना मात्र नव्याकोऱ्या चमकत असतील, तर मूठ बदललेली असण्याची दाट शक्यता आहे.

मग पातं सावकाश उघडा. स्प्रिंगचा ताण आणि पातं जागेवर बसतानाचा टक् आवाज, या दोन्हींना मिळून संग्राहक ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात. उघडलेलं पातं डावी-उजवीकडे हलू नये. शेवटी पात्याची रुंदी जुन्या कॅटलॉगमधल्या चित्राशी ताडून पाहा. वर्षानुवर्षं धार लावून निम्मं झालेलं पातं अनेकदा ‘उत्तम स्थितीत’ म्हणून विकलं जातं. एका पात्याची झळाळी इतरांपेक्षा वेगळी असेल तर ते नंतर बसवलेलं असू शकतं.

६. जपा, पण चमकवू नका

जुन्या कार्बन स्टीलवर येणारा करडा-निळसर थर म्हणजे पटिना. तो पात्याचं रक्षण करतो आणि चाकूचा इतिहासही सांगतो. तो काढू नका. लालसर गंज मात्र लगेच थांबवायला हवा. तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने तो हळूहळू पुसा. बफिंगच्या चाकावर जुना चाकू कधीही नेऊ नका. शिक्क्याच्या कडा बोथट होतात, जिगिंगचे उंचवटे सपाट होतात आणि गेलेलं हाड परत आणता येत नाही.

सांध्यात मिनरल ऑइलचा एक थेंब पुरतो. मुठीवरही कधीतरी त्याचा अगदी पातळ हात फिरवा. पाणी, हीटरची ऊब आणि थेट ऊन यांपासून मूठ दूर ठेवा. उन्हात रंग उडतो आणि कोरड्या उष्णतेने हाड तडकतं. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि त्यातली कमावण्याची रसायनं धातू खातात. सेल्युलॉइड या जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या मुठीचे चाकू असतील तर त्यांची पेटी वेगळी करा. ते विघटित होताना जो वायू सोडतात, त्याने शेजारचे चांगले चाकू गंजतात.

७. कायदा पाहा

चाकू घरात ठेवणं आणि खिशात घेऊन फिरणं यांचे नियम देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये लॉक नसलेला, ३ इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू बाळगता येतो. अमेरिकेत राज्याराज्यांत फरक पडतो. विमानाच्या केबिनमध्ये तर नेऊच नका. खऱ्या शिंगाच्या मुठीबाबत जास्त सावध राहा. सांबर भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि त्याच्या शिंगांचा व्यापार चालत नाही. गुरांच्या हाडाला हा विशिष्ट प्रश्न येत नाही.

८. प्रत्येक चाकूचं पान ठेवा

खरेदीची तारीख, किंमत, कुणाकडून घेतला, टँगच्या शिक्क्याचा जवळून फोटो, बंद असतानाची लांबी आणि मुठीच्या दोन्ही बाजूंचे दिवसाच्या उजेडातले फोटो इतकं लिहून ठेवा. दोष लपवू नका. तडा असेल तर तो कोणत्या पिनेजवळ आहे आणि किती लांब आहे तेही लिहा. पुढच्या वर्षी त्याच तड्याशेजारी पट्टी धरून पुन्हा मोजा. वाढला असेल तर तो चाकू ठेवायची जागा बदला.